आधी कोण सडणार?

तिसऱ्या आठवड्यात फ्रिजचा तळाचा कप्पा ओढला, तर त्यात काळपट हिरवं पाणी साचलं होतं. ते पाणी म्हणजे आदल्या आठवड्याचं लेट्यूस. शेजारी पालकाची जुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घामाघूम होऊन बसली होती, आणि मुळे इतके मऊ पडले होते की बोटाभोवती गुंडाळता आले असते. दारात त्या आठवड्याची नवी पेटी येऊन पडली होती. शेतात कोणीतरी वाकून खुडलेल्या भाजीची माझ्या घरात माती होत होती, आणि नव्या पेटीला जागा करावी म्हणून मी आधीची भाजी कचऱ्यात टाकत होतो.

आम्ही एका शेतात वाटा घेतला होता. पद्धत सोपी आहे. हंगाम सुरू होण्याआधीच शेताला पैसे द्यायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला हिस्सा घ्यायचा. बियाणं, मजुरी हे खर्च सुरुवातीलाच असतात, म्हणून पैसे सुरुवातीला. जपानमध्ये १९७० च्या दशकात रासायनिक शेतीने धास्तावलेल्या ग्राहकांनी शेतकऱ्यांशी असा थेट करार करायला सुरुवात केली. त्याला तिथे तेइकेई म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर इथल्या दोन शेतांनी अशी योजना काढली, फ्रान्समध्ये २००१ पासून ती रुजली. सगळीकडे एक कलम ठरलेलं असतं: पीक भरघोस आलं तर वाटा मोठा, बुडालं तर वाटाही बुडाला. सही करताना मी ते वाचलं होतं. वाचलं होतं एवढंच.

अडचण माझ्या स्वयंपाकाच्या सवयीत होती. मी पाककृती बघून रांधणारा माणूस. आधी पदार्थ ठरवायचा, मग यादी, मग बाजार. घरात शाकाहारच, पण तो बटाटा, चीज आणि पास्ता यांच्या जोरावर चालणारा. पेटीने हे सगळं उलटं केलं. यादी तिकडून येणार, आणि त्यातून काय करायचं ते माझं मी बघायचं. पहिले दोन आठवडे मी पेटीतली भाजी हातात धरून तिच्यासाठी पाककृती शोधत बसलो. प्रत्येक पाककृतीत आणखी सात जिन्नस लागायचे. ते आणायला बाजारात जायचो आणि तेवढ्यात घरातली बाकीची भाजी मान टाकायची.

त्या काळ्या पाण्यानंतर मी पहिली गोष्ट बदलली ती रांधण्यातली नव्हतीच. पेटी आली की वीस मिनिटं फक्त ती लावण्यात घालवायची, असं ठरवलं. मुळा, बीट, गाजर यांची पानं लगेच कापून वेगळी करायची. तोडल्यावरही पानं कंदातलं पाणी ओढत राहतात, आणि माझे मुळे रबरी झाले ते त्यामुळेच. पालेभाजी धुऊन ठेवायची नाही. ओली राहिली की सडते, उघडी राहिली की सुकते, म्हणून कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात. बटाटे अंधारात, कांद्यांपासून दूर. सफरचंद आणि पिकते टोमॅटो पाल्याशेजारी नकोत, कारण त्यांच्यातून इथिलीन वायू सुटतो. त्याने पानं पिवळी पडतात आणि गाजर तर चक्क कडू होतं. टोमॅटो फ्रिजच्या बाहेर. हे मी पूर्वी हट्ट म्हणून उडवून लावायचो. पण २०१६ साली फ्लॉरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की आठवडाभर थंडीत ठेवलेल्या टोमॅटोतली वास तयार करणारी जनुकं मंदावतात, आणि बाहेर काढल्यावरही तो वास पुरता परत येत नाही. लाल दिसतो, चिरला की पाणी.

मान टाकलेली पानं मात्र मेलेली नसतात, हे मला फार उशिरा कळलं. गार पाण्यात अर्धा तास बुडवली की पेशी पाणी पितात आणि पान पुन्हा ताठ होतं. किती लेट्यूस मी उगाच टाकलं असेल, त्याचा हिशेब नको.

मग फ्रिजच्या दारावर एक कागद लागला. त्यावर तीन रकाने: ‘दोन दिवस’, ‘आठवडा’ आणि ‘पडू दे’. कोवळी पानं, हिरवे वाटाणे, मक्याची कणसं पहिल्या रकान्यात. कणसं यासाठी की तोडल्या क्षणापासून त्यांच्यातली साखर स्टार्चमध्ये बदलत जाते, दोन दिवसांनी गोडी निम्म्यावर आल्यासारखी वाटते. फरसबी, ब्रोकोली, झुकिनी, वांगी दुसऱ्यात. कोबी, गाजर, बीट, कांदे, लाल भोपळा ‘पडू दे’मध्ये. माझ्या लेकीने पहिल्याच आठवड्यात त्या कागदावर मोठ्या अक्षरात मथळा लिहिला, ‘आधी कोण सडणार?’ तो तसाच राहिला. पेटी आली की तीच पेन घेऊन उभी राहायची आणि मला विचारायची, “बाबा, हे किती दिवसांचं?” दोन महिन्यांनी विचारेनाशी झाली, स्वतःच लिहायला लागली.

रोज काय करायचं हा प्रश्न त्या कागदाने परस्पर सोडवला. पहिल्या रकान्यातलं आज. बस.

हंगामाचे पहिले आठवडे म्हणजे पानंच पानं. त्याला कारण आहे. मुळा महिनाभरात तयार होतो, पालेभाजी दीडेक महिन्यात, टोमॅटोचं रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने घेतं, कोबी त्याच्याही पुढे जातो. तेव्हा आधी पाला, मग फळभाज्या, शेवटी कंद आणि गड्डे. पहिल्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात चालायला जागा नव्हती, सगळीकडे पाला पसरलेला. आणि तो डोंगर कढईत टाकला की पाच मिनिटांत वाटीभर होतो. मी पहिल्यांदा डोंगराकडे बघून मीठ टाकलं. समुद्र खाल्ला त्या दिवशी आम्ही. पालेभाजीला मीठ शेवटी, पाणी सुटून ती खाली बसल्यावर.

त्या महिन्यात जे जमलं ते असं. पानं मोठ्या भांड्यात बुडवून वर उचलून घ्यायची, भांडं ओतायचं नाही. ओतलं की तळाशी बसलेली माती परत पानांवर येते. देठ आणि पानं वेगळी चिरायची. तेलात ठेचलेला लसूण, मग देठ, ते मऊ होत आले की पानं. पानांना चिकटलेलं पाणी पुरतं, वेगळं घालावं लागत नाही. झाकण दोन मिनिटं, मग उघडी कढई. उतरवल्यावर लिंबू पिळायचं, आधी नाही, कारण आंबटपणाने हिरवा रंग मळकट होतो. हीच कृती पालकाला चालली, बिटाच्या पानांना चालली, मुळ्याच्या पाल्याला चालली, केलला चालली (केलचे जाड देठ मात्र काढून टाका, ते चावून दात दुखतात). चौथ्या आठवड्यापासून मी पाककृती बघणं बंद केलं.

पालेभाजीने पोट भरत नाही, ही बायकोची तक्रार रास्त होती. म्हणून जेवणाचा साचा ठरला: एका पातेल्यात कडधान्य किंवा डाळ, कढईत पेटीतली भाजी, वाटीत काहीतरी कच्चं आंबट, आणि खाली भात किंवा पोळी. आठवड्यातून दोनदा कडधान्य भिजत घालायचं आणि जास्तीचं शिजवून ठेवायचं. राजमा असेल तर तो किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, कारण कच्च्या राजम्यातल्या विषारी द्रव्याने जोरदार उलट्या होतात. प्रेशर कुकर ते काम करतो. मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं एकटं ते करत नाही. शिजलेलं कडधान्य तयार असलं की दमून घरी आल्यावर फक्त एक भाजी परतायची उरते. माझ्या मते या सगळ्या प्रकारात खरा टेकू पेटीतल्या भाजीचा नाहीच, त्या भिजवलेल्या कडधान्याचा आहे. ते नसलं की भाजी कितीही ताजी असो, बाहेरून काहीतरी मागवायची इच्छा होते.

मग आला नवलकोल. हिरवा चेंडू, त्याला सगळीकडून शेंड्या फुटलेल्या. घरात कोणी त्याला हात लावेना. त्याचं काय करायचं हे शोधताना मला कळलं की कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, केल आणि नवलकोल या पाच भाज्या नाहीतच, वनस्पतिशास्त्राच्या लेखी ती एकच जात आहे, ब्रासिका ओलेरेसिया. शेकडो वर्षं माणसाने कोणाची पानं वाढवली, कोणाची कळी, कोणाचं फूल, आणि नवलकोलाचं खोड फुगवलं. हे वाचून मला हुशार झाल्यासारखं वाटलं ते सोडा, पण स्वयंपाक सोपा झाला. एकाला जे चालतं ते थोड्याफार फरकाने बाकीच्यांना चालतं. पातळ चिरून मीठ-लिंबू लावून कच्चं, नाहीतर मोठ्या आचेवर झटपट. फार वेळ उकळलं की गंधकाचा वास सुटतो, तोही सगळ्यांना सारखाच. तसंच बीट आणि स्विस चार्ड हेही एकाच जातीचे, एकाचा कंद पोसलेला, दुसऱ्याचं पान. त्यामुळे पेटीत अनोळखी चेहरा दिसला की मी आधी त्याचं खानदान विचारतो.

नवलकोलाची साल मात्र जाड काढा. आतला भाग कच्चा, गोडसर, कुरकुरीत लागतो. लेकीने तो चिरता चिरताच संपवला.

बिटाशी माझं जुनं वैर. मातीचा वास येतो म्हणून मी ते टाळायचो आणि लोक म्हणायचे, नीट धुतलं नसशील. तो वास धुण्याने जात नाही. जिओस्मिन नावाचं द्रव्य बिटात असतं, पहिल्या पावसाच्या मातीला जो वास येतो त्यामागेही तेच. आम्लाने ते मोडतं. उकडलेल्या बिटाच्या फोडी गरम असतानाच त्यांच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू घातलं आणि वैर बरंचसं मिटलं. त्या आनंदात मी एका रात्री दोन मोठी बिटं एकट्याने खाल्ली. सकाळी न्हाणीघरातून मी जो ओरडलो तो शेजाऱ्यांनीही ऐकला असेल. मला वाटलं, मूत्रपिंड गेलं. बायको दाराबाहेरून शांतपणे म्हणाली, “काल बीट खाल्लंस ना?” साधारण दहातल्या एकाला बिटाचा लाल रंग असा लघवीतून दिसतो, आणि तो निरुपद्रवी असतो. हे मला आदल्या रात्री सांगता आलं असतं, एवढंच माझं म्हणणं.

हंगामाच्या मध्यावर झुकिनी सुरू झाली आणि थांबेचना. दर पेटीत चार, पाच, एकदा तर आठ. ओव्हनमध्ये भाजायला घातल्या तर लगदा, कारण मी ट्रे खच्चून भरायचो. फोडी एकमेकींना चिकटून असल्या की त्यांच्या वाफेवर त्याच शिजतात, भाजत नाहीत. दोन ट्रे, फोडींमध्ये बोटभर जागा, २२० अंश, आणि मधेच हलवायची खाज आवरायची. मग कडा तपकिरी झाल्या, चव आली. ही गोष्ट गाजर, फ्लॉवर, भोपळा, कांदा सगळ्यांना लागू पडली.

एका संध्याकाळी झुकिनीचं सूप केलं. चमचा तोंडात घातला आणि जीभ आकसली. साधा कडवटपणा नव्हता तो, घशापर्यंत पोचणारा होता. बायकोने सुचवलं, थोडी साखर आणि लिंबू घालून बघू या. मी सगळं पातेलं ओतून दिलं. झुकिनी, काकडी, दुधी, भोपळा या कुळात कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष असतं. लागवडीच्या जातींतून ते जवळजवळ काढून टाकलेलं आहे, पण बीज संकर झालं किंवा झाडाला फार ताण बसला तर ते परत डोकं वर काढतं. शिजवून ते जात नाही. जर्मनीत हायडेनहाइममध्ये २०१५ साली घरच्या बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. भाजी वाया घालवायची नाही या नव्या व्रताचा मला तोवर एवढा अभिमान झाला होता की ओतताना हात अडखळला, हे कबूल करतो. शेतावर कळवलं. शेतकरीण ताई म्हणाल्या, “बरं केलंत, टाकलंत ते. चिरण्याआधी एक कापटी जिभेला लावून बघत जा. कडू लागली तर थुंकून टाका आणि मला सांगा, मी ते झाड उपटते.” तेव्हापासून लावतो.

टोमॅटोचा पूर आला तेव्हा बाटल्या भरून ठेवायचा मोह झाला होता. पण टोमॅटोचा आंबटपणा काठावरचा असतो. बाटलीबंद करताना वरून लिंबाचा रस घालावा लागतो, नाहीतर आत धोकादायक जीवाणू वाढू शकतात. मला ती जोखीम झेपेना. अर्ध्या फोडी मीठ-तेल लावून ओव्हनमध्ये मंद आचेवर तीन तास आकसू दिल्या, बाकीचं आटवून डब्यांत घालून फ्रीझरमध्ये. फरसबीही तिथेच गेली. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, निथळून, गोठवून. पाण्याची ही पायरी गाळली तर शेंगांतली एन्झाइम्स थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि दोन महिन्यांनी गवत खाल्ल्यासारखं लागतं. मी एकदा गाळली होती.

कोबी मिठात आंबवायचा प्रयोग दोनदा केला. एक किलो बारीक चिरलेल्या कोबीला वीस ग्रॅम मीठ, हाताने चुरायचं, पाणी सुटतं, बरणीत दाबून भरायचं. बाकी कोबीच्या पानांवर आधीपासून असलेले जीवाणू बघतात. पहिल्या बरणीत वरचा कोबी पाण्याबाहेर राहिला आणि त्यावर केसाळ बुरशी आली. दुसऱ्या वेळी वर अख्खं पान झाकून त्यावर पाण्याने भरलेली छोटी बाटली ठेवली. दोन आठवड्यांनी लख्ख आंबट, करकरीत कोबी तयार झाला. वासाबद्दल घरात एकमत झालं नाही. बरणीची रवानगी गॅलरीत झाली.

आणि मग एका आठवड्यात पेटी आली ती हलकी. आत बटाटे, कांदे आणि एक चिठ्ठी: गारपिटीने पाला आणि टोमॅटो झोडपले गेले, दोन आठवडे असंच चालेल, माफ करा. मी आधी चिडलो. मग लक्षात आलं की रागाला पत्ताच नाही. ते कलम आठवलं. फ्रीझरमध्ये कांद्याची टोकं, गाजराची सालं, पात, टोमॅटोचे देठाकडचे तुकडे साठवलेले होते. ते तासभर उकळून गाळलं (कोबीचे तुकडे यात घालू नयेत, पाणी कडवट होतं), त्यात बटाटे आणि भरपूर परतलेला कांदा. पातेल्यात सूप, वर मिरपूड. तीन दिवस आम्ही थोड्याफार फरकाने तेच खाल्लं आणि कोणी कुरकुरलं नाही. माझा चिठ्ठीवरचा राग मात्र सूप होईपर्यंत पुरता गेला नव्हता, उगाच चांगुलपणा कशाला दाखवू.

सगळंच गोड झालं असं नाही. बडीशेपेचा कंद मला शेवटपर्यंत आवडला नाही. भाजून, कच्चा, सुपात, सगळं करून पाहिलं आणि मग दर वेळी तो शेजारच्या काकूंच्या दारात नेऊन ठेवायला लागलो. त्या खूश. वेळही वाचत नाही. पाला निवडायला, धुवायला, निथळायला रोजचा अर्धा तास जातो, आणि बाहेरगावी जायचं म्हटलं की आधी पेटीची सोय बघावी लागते, घरात पाळीव प्राणी असल्यासारखी.

शेवटची पेटी उचलताना जड लागली. बटाटे, गाजरं, बीट, दोन कोबी, कांद्यांची माळ आणि डोक्याएवढा लाल भोपळा. लेक पेन घेऊन कागदापाशी गेली आणि एकेक नाव लिहीत सुटली. सगळी नावं तिसऱ्या रकान्यात. ‘दोन दिवस’ रिकामा, ‘आठवडा’ रिकामा. बाविसावा आठवडा, आणि पहिल्यांदाच घरात कोणालाही सडायची घाई नव्हती.

“मग बाबा, आज काय करायचं?”

मी कोबी हातात घेतला, खाली ठेवला. गाजरं घेतली, तीही ठेवली. पाच मिनिटं तसाच उभा होतो. शेवटी तिनेच भोपळ्यावर बोट ठेवलं, तर सुरी त्यात अडकून बसली आणि त्या रात्री जेवायला साडेनऊ झाले.